आईच्या नावावरचं रक्त

९ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, उत्तर देत नाहीस. पण कागद तू फाडून टाकणार नाहीस एवढं मला माहीत आहे. चॉकलेटचे चकचकीत कागदसुद्धा वहीत घालून ठेवणारी तू. म्हणून तीन वर्षांनी पेन शोधलं. आमच्या दुकानात पेन मिळणं कठीण, खडू हवे तेवढे.

कामाचं आधी सांगते. १४ मार्चला माझं ऑपरेशन आहे. बायपास. हृदयाची नव्हे, आतड्याची. घाबरू नकोस, म्हणजे घाबरणार असलीस तर. मधुमेहासाठी करतात. त्याच्या तयारीसाठी मला आईची निळी फाईल हवी आहे, जिच्यात तू तिचे साखरेचे रिपोर्ट लावून ठेवले होतेस. शेवटच्या दोन वर्षांतले सात आहेत. सातही पाठव. मूळ कागद असले तर बरं, नाहीतर झेरॉक्स.

मी ठीक आहे. दिवसातून चार वेळा पोटाला सुई टोचते आणि जिना चढताना मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी राहते, तेवढं सोडलं तर ठीक. दुकान तेच, मालकीणबाई त्याच, त्यांची कटकटही तीच. लोकांचे कपडे आत घेणं आणि बाहेर सोडणं चालू आहे. हल्ली आत घ्यायला कमी येतात, सोडायलाच जास्त.

फाईल तेवढी पाठव. सोबत काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. दोन शब्दांना पत्र म्हणायचं तर. ‘कशाला हवी?’ खाली सही नाही. अक्षर मात्र तेच, गोल, शिक्षिकेचं, प्रश्नचिन्हाखालचं टिंबसुद्धा ठसठशीत. लाल पेनानं लिहिलंस त्याचा मी राग मानला नाही. दुसरं पेन हाताशी नसेल.

कशाला हवी ते सांगते, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. सकाळी मालकीणबाईंच्या हातून टाचण्यांची डबी सांडली. आम्ही दोघींनी लोहचुंबक फिरवून गोळा केल्या. दिवसभर मी मशीनवर होते, एका कोटाचं अस्तर बदलायचं होतं. संध्याकाळी घरी येऊन मोजा काढला तर तो तळव्याला चिकटलेला, आणि तळव्यात टाचणी. पूर्ण आत, फक्त डोकं बाहेर. आठ तास मी तिच्यावर पाय देऊन मशीन चालवलं आणि मला पत्ता नाही. दुखलं असतं तर बोंब मारली असती. दुखलं नाही म्हणून मी घामाघूम झाले. आईच्या पायाची जखम शेवटी रोज मीच धूत होते, त्यामुळे पुढे काय होतं ते मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

मग तपासणी, मग गोळ्या, मग इन्सुलिन, आणि इन्सुलिनबरोबर वजन. मी आता चौऱ्याण्णव किलो आहे. माझे स्वतःचे कपडे इतक्या वेळा सोडलेत की सोडायला आता आत कापडच उरलं नाही.

ज्या सर्जनबाई ऑपरेशन करणार आहेत त्या माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच आहेत, पण आवाज असा की माणूस आपोआप सरळ बसतो. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाच्या वरच्या भागाची एक लहानशी पिशवी करायची. आतडं खाली एका जागी कापून वर आणायचं आणि त्या पिशवीला जोडायचं. मग जेवण पहिला टप्पा चुकवून थेट पुढे जातं. त्यामुळे आतड्यातून काही हॉर्मोन जास्त सुटतात आणि साखर खाली येते, वजन उतरण्याच्याही आधी. असं का होतं ते सगळं अजून कळलेलं नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या. डॉक्टर ‘माहीत नाही’ म्हणाले की माझा त्यांच्यावर विश्वास बसतो.

मी विचारलं, “चुकवलेला तुकडा काढून टाकता का?”

“नाही. आतच राहतो.”

“म्हणजे आत दुमडून शिवलेलं कापड.”

“तसं म्हणा.”

“उसवता येतं?”

“येतं. पण तो विचार मनात ठेवून येऊ नका.”

एवढी वर्षं लोकांच्या कमरा मी आत घेतल्या, आता माझी पाळी आली. टीप मात्र हाताची नाही, स्टेपलरची. याचं मला थोडं वाईट वाटलं.

फाईल हवी ती आपल्या घराण्याचा इतिहास त्यांना लागतो म्हणून. आईला साखर किती होती, कधी वाढली, एवढंच.

आणखी एक. तुझ्या अहोंचा फोन आला होता. त्यांना रागावू नकोस, बिचारे हळू आवाजात बोलत होते. वर्गात टेबलावर तू पाण्याच्या दोन बाटल्या ठेवतेस आणि दुसऱ्या तासाला दोन्ही रिकाम्या होतात म्हणे. ब्लाउज खांद्यावरून घसरतात, मधल्या सुट्टीत खुर्चीतच डोळा लागतो. तपासून घे म्हटलं तर तू म्हणालीस, “आईची गोळी अर्धी मी केली. तिला चालायला मी लावलं. बूट मी पाठवले. मला कसली तपासणी सांगता?” आणि त्या बुटांचा खोका तू अजून कपाटावर ठेवला आहेस.

हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मला वाटत होतं की तू मलाच दोष देते आहेस. त्यात एक प्रकारची सोय होती.

तू तपासून घे. मधुमेह घरात आहे, आपल्या दोघींना तो काही चुकायचा नाही. फाईलही पाठव.

तुझी ताई


२ मार्च

धाकटे,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. फाईल घराण्याच्या इतिहासासाठी नको आहे. बसून वाच. वर्गात जाण्याआधी वाचू नकोस.

परवा सर्जनबाईंनी परत विचारलं, “मधुमेह किती वर्षांपासून?” मी म्हटलं, दीड. त्यांनी माझ्या पायाच्या नसांचा तपास समोर ठेवला. म्हणाल्या, “दीड वर्षात पाय एवढा बधिर होत नाही सहसा. तुमच्या स्वादुपिंडात ताकद किती उरली आहे तेही मध्यमच दिसतंय. ऑपरेशनचा उपयोग किती होईल हे त्यावर आणि वर्षांवर असतं. खरा आकडा मिळाला तर मी तुम्हाला खरी आशा सांगेन. जुना एखादा रिपोर्ट नाही का?”

मी म्हटलं, “आहे. पण माझ्या नावावर नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.  आधी तुला सांगावं, मग त्यांना, असं ठरवून उठले.

तुझ्याकडच्या फाईलमधले ते सात रिपोर्ट आईचे नाहीत. माझे आहेत. नाव आईचं, रक्त माझं.

सुरुवात कशी झाली ते सांगते. त्याआधीचा, आईचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा खरा रिपोर्ट नऊच्या वर होता आणि तू तिला फोनवर फार बोलली होतीस. चुकीचं बोलली नव्हतीस. पुढच्या वेळी रक्त न्यायला माणूस आला, पण आईची शीर सापडेना. डावा हात दोनदा, उजवा एकदा, मग मनगटाच्या मागे. आई लहान मुलीसारखी रडली. तो म्हणाला, उद्या परत येऊ. दुसऱ्या दिवशी दुसराच आला, टोपी घालणारा. आई बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी लावून बसली. मी दार वाजवते तर आतून म्हणते, “तुझं दे! एकाच घरचं तर रक्त आहे!”

टोपीवाला पट्टा हातात धरून उभा. त्याला अजून सहा घरं करायची होती, मला दुकान उघडायचं होतं. “पेशंट कोण?” असं त्यानं विचारलं आणि मी खुर्चीवर बसून हात पुढे केला. फॉर्मवर वय अडुसष्ट लिहिलेलं, मी सेहेचाळीस. त्यानं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि पट्टा आवळला. खोटं बोलल्यापेक्षा तेच मला त्या दिवशी जास्त लागलं, बघ.

रिपोर्ट आला साडेपाचच्या आत. नवावरून साडेपाच. कोणालाही शंका यावी, पण तुला आनंद झाला. तू फोनवर ओरडलीस, “बघितलंस आई, मनावर घेतलं की होतं!” शिक्षकांच्या खोलीत तू सगळ्यांना सांगितलंस. आई फोन ठेवून माझ्याकडे आली तेव्हा पहिला नंबर आल्यासारखी दिसत होती. तुझ्याकडून शाबासकी मिळाल्याला तिला किती वर्षं झाली होती कोण जाणे. मी म्हटलं, एकदाच हं. ती म्हणाली, एकदाच. तीन महिन्यांनी टोपीवाल्यासाठी तिनं स्वतः चहा टाकून ठेवला होता.

तिसरा रिपोर्टही चांगला आला आणि त्याच सुमारास तिला घेरी यायला लागली. ती साखर वाढल्याची घेरी होती. तुला वाटलं, साखर उतरते आहे. हातात तसा कागद असल्यावर दुसरं काय वाटणार? तू तो डॉक्टरांना दाखवलास, त्यांनीही मान डोलावली आणि गोळी अर्धी झाली. गोळ्या तूच पाठवायचीस, त्या निम्म्या यायला लागल्या.

तेव्हा बोलायचं होतं. मी फोन कानाला लावून उभी होते, तू गोळीचं सांगत होतीस, आई समोरून हाताने ‘नको, नको’ करत होती. एका वाक्याचं काम होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प बसले. तू मला जन्मभर खोटारडी म्हणशील याची मला भीती वाटली. आईच्या जिवापेक्षा ती भीती मोठी वाटली, हे खोडावंसं वाटतं, पण ते तसंच होतं.

पुढे ऐक. सहावा रिपोर्ट सहा पूर्णांक सहा आला. सातवा सात पूर्णांक दोन. तू संतापलीस. “काय चोरून खातेस?” म्हणून तिला धारेवर धरलंस. आई चोरून खात होतीच, आटवलेल्या दुधाचा डबा तिच्या उशाशी असायचा आणि चमचा उशीखाली. पण त्या दिवशी तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. म्हणाली, “अगं, गोड मी खाल्लं आणि साखर तुला झाली.”

आम्ही दोघी हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तेही लिहून टाकते.

माझा मधुमेह मला असा कळला. पण कागद आईच्या नावावर, म्हणून आजारही आईचाच असं धरून मी चालत राहिले. टाचणी रुतेपर्यंत.

त्या वाढलेल्या साखरेसाठी तू बूट पाठवलेस आणि रोज एक तास चाल म्हणालीस. धाकटे, ती साखर माझी होती. चालायला मी हवी होते. आई चालली, कारण तू रोज विचारायचीस आणि तिला तुझी शाबासकी परत हवी होती. टाचेला फोड आला तो तिला कळला नाही. तिच्या पायाला कितीतरी वर्षं काही कळत नव्हतं, पण कागदावर ती बरी होती ना, मग पाय कोण बघणार? मी बघायला हवा होता. बघितला तेव्हा मोज्याला वास येत होता.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला विचारलंस, “सातावरून बारावर? तीन महिन्यांत? काय खायला घातलंस तिला?” मी मान खाली घातली. तुला वाटलं मी कबूल केलं. मी तसं वाटू दिलं, कारण गोड खायला घातल्याचा गुन्हा खऱ्यापेक्षा लहान होता. आई त्या वेळी शुद्धीवर नव्हती आणि नंतरही आली नाही.

तर तुझी अर्धी गोळी नाही. तुझे बूट नाहीत. मी माप खोटं दिलं आणि तू त्या मापावर कापलंस. माप खोटं असलं की कितीही चांगला कापणारा असला तरी कपडा बिघडतो, त्यात कापणाऱ्याची चूक नसते. हे मी तुला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

तो खोका कपाटावरून काढ. आणि रक्त तपास. माझ्यावर राग धरून तपास, पण तपास.

ताई


९ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. येईल असं वाटलं नव्हतं, तरी रोज पत्रपेटी उघडते. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारतात, “कुणाचं यायचंय?” मी म्हणते, विजेचं बिल.

दहा दिवस झाले, पातळ पिऊन आहे. ऑपरेशनच्या आधी यकृत लहान व्हावं लागतं म्हणतात. सकाळी पांढरं, दुपारी पांढरं, संध्याकाळी बदल म्हणून पिवळसर. मालकीणबाई माझ्यासमोर डबा उघडत नाहीत, आतल्या खोलीत जाऊन खातात आणि बाहेर येऊन हात पुसत विचारतात, “फार भूक लागली का गं?” चांगल्या आहेत तशा.

सर्जनबाईंना सगळं सांगितलं.  मग म्हणाल्या, “तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळतंय का?”

“तीन वर्षांपासून कळतंय.”

“आईचं तर झालंच. पण तुमचंही. अडीच वर्षं औषधाशिवाय काढलीत तुम्ही.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, खरं सांगते. त्यांनी बोटांवर मोजलं, चार वर्षं धरली. चार वर्षांत अजून आशा आहे म्हणाल्या. साखर बहुतेक खाली येईल, इन्सुलिनची सुई सुटेल, पण कायमची जाईलच असं लिहून देणार नाहीत. काही वर्षांनी परतही येऊ शकते. पायाचा बधिरपणा गेला तो गेला. गोळ्या असतीलच, जीवनसत्त्वांच्या, जन्मभर. मी हो हो म्हणत राहिले. मला आता कशाचं फार वाईट वाटत नाही, फार बरंही वाटत नाही. थकले आहे, दुसरं काही नाही.

भरतीच्या फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक’ असा रकाना आहे. मी लिहिलं, बहीण, आणि तुझा नंबर. खिडकीतल्या माणसानं विचारलं, “त्या येणार ना?” मी म्हटलं, विचारून सांगते. हे विचारलं असं समज.

ताई


१३ मार्च, दुपार

धाकटे,

भरती झाले. खोलीत दोन खाटा आहेत. दुसऱ्या खाटेवर एक निवृत्त बसचालक बाई आहेत, त्यांचं हेच ऑपरेशन कालच झालं. त्या कण्हतात आणि मध्येच मला धीर देतात.

इथे मनगटाला नावाची पट्टी बांधतात. रक्त घ्यायला नर्स आली की आधी म्हणते, नाव सांगा. मग जन्मतारीख सांगा. मग पट्टी बघते, बाटलीवरची चिठ्ठी बघते आणि मगच टोचते. सकाळपासून तीनदा झालं. तीनही वेळा मी नाव सांगितलं आणि आता ही म्हणेल ‘नक्की?’ असं वाटून मी पट्टी पुढे केली.

शिवणारणीची बोटं टोचलेलीच असतात, त्यामुळे सुईचं मला काही नाही. पण भीती वाटते. मरणाची नाही असं लिहिणार होते, पण मरणाचीच वाटते. तू शेवटचं लिहिलेलं मला ‘कशाला हवी?’ एवढंच आहे.

तू येणार नाहीस हे मी धरून चालले आहे. दाराकडे बघते ती नर्ससाठी.

ताई


२५ मार्च

धाकटे,

जिवंत आहे. घरी आले.

पोटावर पाच लहान भोकं आहेत, काजं करायला घेऊन अर्धवट सोडल्यासारखी. आतलं काही दिसत नाही. मला उगीच वाटत होतं की मोठी शिवण असेल.

पाचव्या दिवशी इन्सुलिन थांबलं. सकाळची साखर एकशे अठरा. नर्सनं टाळ्या वाजवल्या, बसचालक बाईंनी खाटेवरूनच हॉर्न दिला, तोंडानं. मी रडायला लागले. त्यांना वाटलं आनंदानं. मी त्या आकड्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, हा एकदा तरी आईचा खरा यायला हवा होता. निदान एकदा तिला खरी शाबासकी मिळायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी तुझे अहो येऊन गेले. एवढा प्रवास करून आले आणि पाच मिनिटं उभे राहिले. सोबत फळं, जी मला महिनाभर चालणार नाहीत. मी विचारलं, तिनं पाठवलं का? नाही म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “तुमचं पत्र तिनं तीनदा वाचलं. शाळेत गेली, शिकवलं, घरी आली, भांडी घासली. माझ्याशी बोलत नाही. खोका मात्र कपाटावर दिसला नाही.” 

दोन चमचे सूप प्यायला अर्धा तास लागतो. घोट घ्यायचा, थांबायचं, मग दुसरा. जन्मात मी कशासाठी एवढी थांबले नव्हते.

तू तपासलंस का? एवढंच एक सांग. नुसतं ‘हो’ लिही, लाल पेनानं लिही.

ताई


११ एप्रिल

धाकटे,

फाईल मिळाली.

आधी माझा एक मूर्खपणा सांगते, म्हणजे मग मला बाकीचं लिहिता येईल. आईचा आटवलेल्या दुधाचा एक न उघडलेला डबा फडताळात राहिला होता. मुदत कधीच संपली होती, पण सीलबंद होता, आणि मला वाटलं तिच्या आठवणीनं एक चमचा खाऊन बघावा. जित्याची खोड. दहा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, सगळं घर फिरायला लागलं. तासभर फरशीवर आडवी होते. सर्जनबाईंनी आधीच बजावलं होतं की आता गोड लगेच आतड्यात उतरेल आणि असंच होईल. आता मला चोरून गोड खाता येणार नाही, पोटच चुगली करतं. डबा केरात टाकला.

काल दुपारी तुझं पाकीट आलं. निळी फाईल, कोपरे तसेच, वर तुझं लेबल. आत चिठ्ठी असेल म्हणून मी झटकून पाहिली. चिठ्ठी नव्हती.

मग कागद बघितले. सातही रिपोर्टांवर तू आईचं नाव लाल पेनानं एका रेघेत खोडलं आहेस आणि वर लिहिलं आहेस, ‘ताई’. सातही वेळा. वही तपासावी तशी. तिसऱ्यावर समासात लिहिलं आहेस, ‘इथे बोलायला हवं होतंस.’ खाली दोन रेघा. सहाव्यावर लिहिलं आहेस, ‘६.६. इथे तुझं औषध सुरू व्हायला हवं होतं.’ त्याच्याखाली रेघ नाही. तिथे कागद थोडा फुगला आहे, ओला होऊन वाळल्यासारखा.

हे वाचून मी फाईल मिटायला घेतली. मला वाटलं, संपलं, चूक दुरुस्त करून वही परत केलीस.

मग दिसलं की आठवा कागद आहे. नवा. त्यावर तुझं नाव, तुझं वय, मागच्या आठवड्याची तारीख. नऊ पूर्णांक आठ. आणि खाली लाल अक्षरात दोन ओळी. ‘माफ केलेलं नाही. हे रक्त माझंच आहे.’

धाकटे, माफी मी मागितलेली नाही आणि मागणारही नाही, ती मागण्यासारखी गोष्टच नाही. पण हा कागद तू मला पाठवलास. मी तो छातीशी धरला आणि मोठ्यानं रडले, वरच्या मजल्यावरच्या बाई खाली धावत आल्या. मी म्हटलं, विजेचं बिल आलं.

आज सर्जनबाईंना तो दाखवला. त्यांनी आकड्याआधी नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “खरंच बहिणीचा आहे.” त्या म्हणाल्या, ऑपरेशनचं नंतर बघू, कदाचित लागणारही नाही, आधी तिला स्वतःला येऊ दे, सगळ्या तपासण्या नव्यानं करू. बुधवारी सकाळी आठची वेळ दिली आहे, या महिन्याच्या सव्वीस तारखेची. उपाशीपोटी यायचं आहे.

आदल्या दिवशी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी तुझा बिछाना आईच्या खोलीत घालून ठेवते. तुझे घसरणारे ब्लाउज घेऊन ये, खांद्यावर आत घेऊन देते, तेवढं तरी मला नीट येतं. माप मात्र नव्यानं घेईन. जुन्यावर काही कापणार नाही.

तुझ्या शिरा आईसारख्याच आहेत, खोल. सापडायला वेळ लागेल, दोन-तीनदा टोचतील. मी शेजारी बसेन. तुझा हात धरून ठेवीन. माझा पुढे करणार नाही.

तुझी
ताई